अप्रकाशित डेमोंसाठी वर्गणी द्यावी का?

प्रश्न : स.न.वि.वि. मी ३१ वर्षांचा असून कोल्हापुरात नोकरी करतो. महाविद्यालयात असल्यापासून मी एका ब्रिटिश रॉक बँडचा चाहता आहे. बँडचे नाव मुद्दाम लिहीत नाही. देशोदेशींच्या चाहत्यांच्या एका बंदिस्त गटात मी आहे. तिथल्या एका युरोपीय संग्राहकाने मला या बँडच्या एका जुन्या अल्बमच्या वेळचे चौदा अप्रकाशित डेमो (गाण्यांची कच्ची मुद्रणे) दिले, तेही ‘पुढे कोणालाही देणार नाही’ असे माझ्याकडून कबूल करून घेऊन. हे डेमो पूर्वी स्टुडिओत काम केलेल्या कोणाच्या तरी हार्ड डिस्कवरून आले, असे गटात बोलले जाते. आता तीच व्यक्ती आणखी गाणी विकायला तयार झाली असून गटात वर्गणी काढली जात आहे. माझ्या वाट्याला साडेतीन हजार रुपये येतात. गाणी हाती आली की ती सर्वांसाठी विनामूल्य खुली करायची, असे ठरले आहे. मूठभर श्रीमंत संग्राहकांनी दाबून ठेवण्यापेक्षा हे बरे, असे मला वाटते. आम्ही यातून एक रुपयाही कमावणार नाही. पत्नी मात्र विचारते, ‘ज्यांनी गाणी केली त्यांना कोणी विचारले का?’ मी वर्गणी द्यावी का? माझ्याकडचे चौदा डेमो खुले करावेत का? आणि एक जिवलग मित्र कधीपासून मागे लागला आहे, त्याला तरी द्यावेत का?
— एक चाहता, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर मला सर्वांत सोपे वाटते, म्हणून तेच आधी देते. वर्गणी देऊ नका. गटातील इतरांनी दिली तरी तुम्ही देऊ नका, आणि का देत नाही हे गटात एकदा स्पष्ट शब्दांत लिहा. कदाचित आणखी दोघेचौघे थांबतील.

तुम्ही लिहिता की यातून कोणी एक रुपयाही कमावणार नाही. पण एक माणूस नक्कीच कमावणार आहे. ज्याच्या हार्ड डिस्कवर ती गाणी राहून गेली, किंवा ज्याने ती मुद्दाम उतरवून घेतली, त्याचा त्या गाण्यांवर कसलाही हक्क नाही, आणि तुमची साडेतीन हजारांची वर्गणी थेट त्याच्याकडे जाणार आहे. तुमचा हेतू कितीही उदार असला तरी व्यवहार तोच राहतो. शिवाय असा सौदा एकदा जमला की तो तिथे संपत नाही. जुन्या स्टुडिओतील डिस्कना गिऱ्हाईक आहे ही बातमी पसरते, पुढच्या वेळी भाव वाढतो, आणि ज्याला अशा फायलींपर्यंत पोहोचता येते त्याच्यासमोर एक मोह उभा राहतो. संगीत विनामूल्य वाटणाऱ्या चाहत्यांबद्दल माझ्या मनात थोडी सहानुभूती आहे, हे पुढे दिसेलच. वर्गणी काढून ते विकत घेण्याबद्दल मात्र अजिबात नाही.

असल्या बाजाराची परिणती कशात होते, हे जून २०१९ मध्ये रेडिओहेड या इंग्लिश बँडच्या बाबतीत दिसले. १९९७ साली आलेल्या ‘ओके कॉम्प्युटर’ या अल्बमच्या काळात गायक थॉम यॉर्क यांनी मिनिडिस्कवर (छोट्या ध्वनिमुद्रण-चकत्यांवर) भरून ठेवलेली सुमारे १८ तासांची ध्वनिमुद्रणे बाहेर गेली. गिटारवादक जॉनी ग्रीनवूड यांनी जाहीर निवेदनात सांगितले की ती चोरीला गेली असून, प्रसिद्ध न करण्याच्या बदल्यात दीड लाख डॉलर मागितल्याचे कळते. बँडने ती रक्कम दिली नाही; उलट ११ जून रोजी सर्वच्या सर्व ध्वनिमुद्रणे स्वतःच बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर १८ पौंडांना, १८ दिवसांसाठी विक्रीला ठेवली आणि उत्पन्न ‘एक्स्टिंक्शन रिबेलियन’ या पर्यावरण चळवळीला देण्याचे जाहीर केले. चाहत्यांच्या गटांत ही हकिकत ‘शेवटी सगळ्यांचेच भले झाले’ या थाटात सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. त्याच निवेदनात ग्रीनवूड यांनी म्हटले होते की हे लोकांनी ऐकावे म्हणून केलेले काम नव्हते. जे काम बँडने दोन दशके स्वतःजवळ ठेवले होते, त्याबद्दलचा निर्णय त्यांना दुसऱ्या कोणाच्या तरी घाईपायी घ्यावा लागला. त्यांनी तो मोठ्या डौलाने घेतला, हा त्यांचा गुण आहे; त्याचे श्रेय गळतीला देता येत नाही.

याच बँडच्या एका गाण्याचा प्रवास तुम्हाला बहुधा माहीत असेल, तरीही इथे सांगते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला त्यात दिसते. ‘ट्रू लव्ह वेट्स’ हे गाणे त्यांनी १९९५ मध्ये पहिल्यांदा मंचावर म्हटले. अकूस्टिक गिटारवरचे ते गाणे चाहत्यांच्या टेपांतून जगभर फिरले आणि लोकांना पाठही झाले. बँडने ते स्टुडिओत पुन्हा पुन्हा करून पाहिले, पण मनासारखे होईना. २००१ मध्ये त्याचे केवळ एक प्रत्यक्ष कार्यक्रमातील मुद्रण प्रसिद्ध झाले. स्टुडिओतील रूप अल्बममध्ये यायला २०१६ साल उजाडले, आणि तेव्हा त्यातील गिटार जाऊन तिथे पियानो आला होता, गाण्याची चाल संथ झाली होती आणि गायकाचा आवाज वीस वर्षांनी प्रौढ झाला होता. या दोन टोकांच्या मधले जे फसलेले प्रयत्न आहेत, त्यांनाच आपण डेमो म्हणतो. ते ऐकायला मलाही आवडेल. पण यांपैकी एखादा मधला प्रयत्न २००० च्या सुमारास ‘हेच ते गाणे’ म्हणून जगभर पसरला असता, तर ते गाणे पुढे शोधत राहण्याची इच्छा त्या पाच जणांमध्ये कितपत उरली असती, हा प्रश्न मला रास्त वाटतो. गाणे मंचावर म्हणायचे त्यांनी स्वतः ठरवले होते. ते फिरले याला त्यांची हरकत असण्याचे कारण नव्हते. स्टुडिओतील अर्धवट प्रयत्न त्यांनी स्वतःजवळ ठेवले, आणि तेही त्यांनीच ठरवले होते.

माझ्या मते सगळा निवाडा याच ठिकाणी आहे : ते मुद्रण बँडने स्वतः हातातून सोडले होते का? पैसे घेतले की नाही, चाहते खरे की खोटे, संग्राहक श्रीमंत की गरीब, हे सारे यानंतर येते.

ही कसोटी लावली की एकाच बँडच्या दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या वागणुकींचाही उलगडा होतो. मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडने जुलै १९८२ मध्ये ‘नो लाइफ टिल लेदर’ नावाची सात गाण्यांची डेमो कॅसेट केली. त्या काळी हेवी मेटलचे चाहते टपालाने एकमेकांना कॅसेटी पाठवत. ड्रमवादक लार्स उलरिक स्वतः अशी देवाणघेवाण करणारा होता. ही कॅसेट त्यांनी त्याच प्रवाहात सोडून दिली. प्रतीवर प्रत निघत ती न्यू जर्सीत रेकॉर्डचे दुकान चालवणाऱ्या जॉन झझुला यांच्यापर्यंत पोहोचली, त्यांनी बँडला पूर्व किनाऱ्यावर बोलावून घेतले, आणि दुसरी कोणतीही कंपनी पुढे येईना तेव्हा स्वतःची मेगाफोर्स ही रेकॉर्ड कंपनी काढून १९८३ मध्ये त्यांचा पहिला अल्बम बाजारात आणला. चाहत्यांनी डेमो वाटले नसते तर मेटॅलिकाची वाट बरीच लांबली असती, हे कोणीही मान्य करील. आणि याच मेटॅलिकाने एप्रिल २००० मध्ये नॅपस्टर या गाण्यांच्या फायली आपसांत वाटण्याच्या इंटरनेट सेवेवर खटला भरला! निमित्त होते ‘आय डिसअपिअर’ या गाण्याचे. एका चित्रपटासाठी केलेल्या या गाण्याचे अपुरे रूप अमेरिकेतील रेडिओ केंद्रांवर वाजू लागले, आणि शोध घेतल्यावर त्याचा माग नॅपस्टरपर्यंत गेला. बँडने तीन लाखांहून अधिक वापरकर्त्यांच्या नावांची यादी कंपनीला नेऊन दिली, तेव्हा चाहत्यांनी उलरिक यांना ढोंगी ठरवले. त्यांची ती मोहीम मलाही अंगावर येणारी वाटली होती. स्वतःच्याच श्रोत्यांची यादी करून ती खोक्यांत भरून नेणे हे कोणत्याही कलावंताला शोभणारे दृश्य नाही. पण मूळ मुद्द्यावर त्यांची बाजू खरी होती. १९८२ ची कॅसेट त्यांनी दिली होती. २००० चे गाणे त्यांच्याकडून घेतले गेले होते.

आता तुमचे चौदा डेमो. तुमच्याच पत्रावरून ते स्टुडिओतील कोणाच्या तरी डिस्कवरून आले आहेत, म्हणजे बँडने ते सोडलेले नाहीत. म्हणून ते खुले करू नयेत, असे माझे मत आहे.

यावर तुमच्या मनात जे आक्षेप येतील त्यांतील एक मला खरोखर वजनदार वाटतो. तो असा की मालकांच्या हाती गोष्टी सुरक्षित राहतातच असे नाही. १ जून २००८ रोजी हॉलिवुडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत संगीताच्या मूळ टेपांचे भांडार जळाले. किती टेपा गेल्या याबद्दल वाद आहे, पण ही हानी झाल्याचे सर्वसामान्य श्रोत्यांना ११ वर्षांनी एका वृत्तपत्रीय शोधलेखातून कळले. बीबीसीने साठच्या दशकातील आपल्या अनेक टेपा जपल्याच नाहीत; बीटल्सच्या रेडिओ कार्यक्रमांचे अधिकृत अल्बम काढताना काही ठिकाणी श्रोत्यांनी घरी रेडिओवरून उतरवून घेतलेल्या मुद्रणांचा आधार घ्यावा लागला. डेमोंना मोल नसते असेही नाही. ऋषिकेशहून परतल्यावर बीटल्सनी मे १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन यांच्या एशर येथील घरी नव्या गाण्यांचे कच्चे मुद्रण केले. अनेक वर्षे ते चोरट्या रेकॉर्डांवरूनच ऐकले जाई. २०१८ मध्ये ती २७ मुद्रणे अधिकृतपणे एकत्र आली, आणि तो संच ऐकताना अनेकांना ‘व्हाइट अल्बम’ या मूळ अल्बमपेक्षाही या घरगुती टेपेत अधिक जिव्हाळा जाणवला. तेव्हा ‘जपणारे नसते तर हे गेलेच असते’ हा तुमच्या गटाचा युक्तिवाद मी उडवून लावणार नाही. मात्र जपणे आणि पसरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. तुम्ही पहिले काम आजही, कोणाचेही वचन न मोडता, करू शकता.

आपल्याकडे शास्त्रीय संगीताच्या खासगी मैफलींच्या टेपा जिवापाड जपणारे आणि त्या कोणालाही न देणारे संग्राहक आहेत, आणि त्यांच्यावरचा राग आपण सगळ्यांनी कधी ना कधी बोलून दाखवलेला असतो. तोच राग तुमच्या पत्रात युरोपीय संग्राहकांवर निघालेला दिसतो. पण मैफलीत गायकाने समोरच्या श्रोत्यांसाठी पूर्ण गाणे गायलेले असते. ऐकणारे चाळीस होते, ते चारशे झाले, एवढाच फरक पडतो. डेमोच्या टेपेत श्रोता मुळात धरलेलाच नसतो. तिथे गायक शब्द सुचलेले नसताना नुसत्या अक्षरांवर चाल म्हणून पाहतो, कोणी चुकतो, कोणी कोणावर चिडतो, एखादा वादक जो पुढे बँडमधून गेला त्याच्याबद्दल काहीबाही बोलले जाते. तुमच्या चौदा फायलींमध्ये गाण्यांच्या मागेपुढे असे संभाषण असेल, तर ते प्रसिद्ध करण्याचा विचार आणखीच दूर ठेवा.

‘बँडचेच भले होईल’ या म्हणण्याबद्दल फार लिहीत नाही. काही वेळा झाले आहे, काही वेळा नाही. आणि झाले तरी ते त्यांच्या वतीने तुम्ही ठरवण्याचे कारण नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगते. मी वकील नाही आणि प्रत्यक्ष नोटीस आली तर वकिलाकडेच जावे लागेल. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने परदेशी कलावंतांच्या कामालाही संरक्षण मिळते, कारण आपण बर्न या कॉपीराइटविषयक आंतरराष्ट्रीय करारात आहोत. काम प्रसिद्ध झालेले नाही म्हणून ते संरक्षण कमी होत नाही. कलम ५२ मध्ये खासगी वापर आणि समीक्षा यांच्यासाठी रास्त वापराची सवलत आहे, पण सर्वांसाठी फाइल खुली करणे हे खासगी वापरात बसवता येणार नाही. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. ‘एक रुपयाही कमावणार नाही’ या तुमच्या मुद्द्याला कायद्यात स्थान आहे, ते एवढेच की व्यापारी लाभाचा हेतू नसल्यास न्यायालय विशेष कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. दोष त्याने जात नाही. अमेरिकेत २००८ मध्ये गन्स एन’ रोझेस या रॉक बँडच्या येऊ घातलेल्या अल्बमची नऊ गाणी एका चाहत्याने संकेतस्थळावर ऐकण्यासाठी ठेवली, विकली नव्हती. तरी त्याला अटक झाली, त्याने गुन्हा कबूल केला आणि २००९ मध्ये दोन महिने घरातच स्थानबद्धता व एक वर्ष देखरेख अशी शिक्षा झाली.

एक गंमत अशी की कायदाही मालकांना अनंतकाळ दाबून ठेवू देत नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार ध्वनिमुद्रण केल्यापासून ५० वर्षांत ते प्रसिद्धच केले नाही तर त्या मुद्रणावरचा हक्क संपतो. त्यामुळेच डिसेंबर २०१३ मध्ये, १९६३ ची मुदत संपण्याच्या तोंडावर, बीटल्सची ५९ अप्रकाशित मुद्रणे फारसा गाजावाजा न करता विक्रीला आली. तुमच्या बँडचे डेमो इतके जुने नसावेत असे पत्रावरून वाटते.

राहिला प्रश्न तुम्ही दिलेल्या शब्दाचा. तो ज्याला दिला त्याचा स्वतःचा हक्क संशयास्पद आहे, म्हणून शब्द पाळण्याचे कारण नाही, असा बचाव करता येईल. मी तो करणार नाही. तुम्ही तो शब्द देऊनच गाणी घेतली, आणि नको होते तर न घेण्याची मोकळीक तुम्हाला होती. शिवाय अशा गटांत कोणाकडून गळती झाली हे फार काळ लपत नाही. रेकॉर्ड कंपन्या प्रसिद्धीपूर्व प्रती देताना प्रत्येकाच्या प्रतीत कानाला न कळणारी वेगळी खूण उमटवतात; तेच तंत्र चाहत्यांमधील हिशेबी संग्राहकांनाही अवगत असू शकते.

मग या चौदा फायलींचे करायचे काय? त्या पुसून टाका असे मी सांगणार नाही, कारण त्यांतील एखादे मुद्रण कदाचित इतरत्र शिल्लकही नसेल. मूळ फायली आहेत त्या स्वरूपात ठेवा, एमपी३ करून जागा वाचवण्याच्या भानगडीत पडू नका, दोन वेगळ्या डिस्कवर प्रती ठेवा आणि प्रत्येक मुद्रणाबद्दल जे ऐकिवात आहे ते तारखेनिशी एका टिपणात लिहून ठेवा, ‘ऐकिवात आहे’ असे स्पष्ट म्हणून. त्यानंतर बँडच्या व्यवस्थापनाला एक साधे पत्र लिहा. आपल्याकडे अमुक अल्बमच्या काळातील वाटणारी चौदा मुद्रणे आली आहेत, त्यांची लांबी इतकी, ती त्यांच्या संग्रहात नसल्यास आपण विनामूल्य प्रत देऊ इच्छितो, एवढाच मजकूर असू द्या. पैसे, श्रेय, भेट, सही केलेली रेकॉर्ड, यांतले काहीही मागू नका. संग्राहकाचे नाव त्याला विचारल्याशिवाय लिहू नका. पत्र पाठवण्यापूर्वी त्याला तसे कळवा. तो रागावेल. पण कलावंताला त्याचीच वस्तू परत देणे हे ‘पुढे कोणाला देणार नाही’ या अटीच्या हेतूविरुद्ध जाते असे मला वाटत नाही, आणि नेमके हेच तुम्ही त्याला सांगू शकता. अशा पत्रांना बहुतेक वेळा उत्तर येत नाही, याची तयारी ठेवा. क्वचित वकिलाचे उत्तर येते. तसे आले तर वाद न घालता ते म्हणतील तसे करा.

पत्नीचा प्रश्न मी वेगळा घेतला नाही, कारण वरचे बहुतेक उत्तर त्यांच्या प्रश्नाचेच आहे. विक्रेत्याकडची जी नवी गाणी येऊ घातली आहेत, त्यांच्याबद्दलही व्यवस्थापनाला कळवावे का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण मी असते तर कळवले असते : गटातील कोणाचे नाव न घेता, केवळ अशी विक्री चालू आहे एवढेच. यामुळे गटातील तुमची जागा जाऊ शकते. किती मोठी गोष्ट आहे ती, हे तुम्हीच ठरवायचे आहे.

तुमच्या मित्राला फाइल देऊ नका. त्याच्या फोनमधून ती पुढे कुठे जाईल यावर त्याचाही ताबा राहणार नाही. त्याला रविवारी घरी बोलवा, चांगले स्पीकर लावा, चौदाही गाणी ऐकवा, हवी तितक्या वेळा ऐकवा. ऐकताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितले तर तो हसेल, पण सांगा.